विकाल भोजन सोडल्यावर शरीरात काय घडते?

वर्षावास सुरू झाला की ठाणे, कळवा, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवलीतल्या विहारांत अष्टशील घेणारे उपासक-उपासिका वाढतात. दुपारी बाराच्या आत भोजन, मग दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत अन्न नाही. अलीकडे तरुण मुलं-मुली हळूच विचारतात, "ताई, याने चरबी जळते का?" विचारताना थोडे लाजतात, जणू धम्मात जिम आणली. लाजायचं कारण नाही. संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी भरपेट जेवून धापा टाकत तथागतांकडे येतो. तथागत मात्रा जाणून जेवण्याविषयी गाथा सांगतात. राजा सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावतो आणि रोज जेवताना म्हणवून घेतो. द्रोणभर भातावरून तो हळूहळू नाळीभर भातावर येतो आणि अंगाने सडपातळ होतो.

आता शरीराचं बघू. जेवल्यावर रक्तातली साखर वाढते आणि स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवतं. ते भरपूर असतं तोवर शरीर साठवणुकीच्या कामात असतं, चरबीचं कोठार जवळपास बंद. यकृतात साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन असतं, म्हणजे साखरेचा तात्पुरता साठा. जेवणानंतर काही तासांनी मेंदूची गरज त्यातून भागू लागते. साठा उतरतो, इन्सुलिन खाली येतं, आणि चरबीच्या पेशींतून फॅटी ॲसिड सुटून रक्तात येतात. स्नायू आणि हृदय ती जाळतात. साधारण बारा तासांच्या पुढे यकृत त्यांच्यापासून किटोन जास्त प्रमाणात बनवू लागतं आणि मेंदूही थोडा त्यांच्यावर चालतो. चरबी एरवीही जळतच असते, झोपेतसुद्धा. उपवासात तिचा वाटा वाढतो.

साडेअकराला जेवलेली उपासिका सकाळी सातला न्याहारी करते, म्हणजे साडेएकोणीस तास. डोंबिवलीहून लोकलने सीएसएमटीला जाणारा आपला तरुण रात्री दहाला जेवतो आणि सकाळी साडेसहाला चहा-बिस्कीट घेतो. साडेआठ तास. त्याचं कोठार नीट उघडायच्या आत बिस्कीट पोटात गेलेलं असतं.

उपवासातही कोठार बंद ठेवता येतं बरं का! दुपारनंतर पेय चालतं म्हणून चार वेळा साखरेचा चहा आणि वर गुळाचं सरबत घेतलं, की इन्सुलिन पुन्हा वर. शीलाच्या दृष्टीने काय चालतं ते भन्तेजींना विचारावं, शरीरासाठी मात्र साखर ही साखरच. काही घरांत जुन्या सवयीने पौर्णिमेला साबुदाण्याची खिचडी होते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च.

वजनाचा हिशेबही करून टाकू. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी. दिवसाला १८०० कॅलरी खर्च करणाऱ्या माणसाने सगळी ऊर्जा चरबीतूनच घेतली तरी पाव किलोही उतरत नाही. दुसऱ्या दिवशी काटा किलोभर कमी दाखवतो, त्यात मोठा भाग ग्लायकोजेन आणि त्यासोबतचं पाणी असतं. जेवलात की परत येतं.

डॉ. श्रीकांत जिचकारांची कल्पना पुढे नेणारा डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा दोन वेळा जेवणाचा आराखडा आपल्याकडे घरोघर माहीत आहे. तिथेही तर्क इन्सुलिनचाच. पण चीनमधल्या ग्वांगझूला १३९ स्थूल लोकांवर वर्षभर झालेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना कॅलरी कमी दिल्या, एका गटाने सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खाल्लं. त्यांचं वजन सरासरी ८ किलो उतरलं, दुसऱ्यांचं ६.३ किलो. हा फरक सांख्यिकीदृष्ट्या ठोस ठरला नाही. म्हणजे घड्याळापेक्षा एकूण किती खाल्लं हेच जड ठरलं. पसेनदीचंही तेच झालं होतं. त्याने वेळ बदलली नव्हती, भात कमी केला होता.

मला खरी काळजी वेगळी आहे. विहारात अष्टशील घेणाऱ्यांत साठीच्या आया-मावश्या जास्त असतात आणि त्यांतल्या अनेकींना मधुमेह असतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्या मात्रेत घेतलं आणि संध्याकाळी जेवण नसलं, तर साखर एकदम खाली येते. घाम, थरथर, घाबरं होणं, कधी बेशुद्धी. 'ध्यानात बसल्यात' असं समजून आजूबाजूचे गप्प राहतात. अशा वेळी तीन-चार चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठावा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, वाढीच्या वयातल्या मुलींनी हा उपवास करू नये. आपल्या राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने नोंदवलंय. त्यांच्यासाठी चरबीपेक्षा लोहाचा प्रश्न आधी येतो.

विहारातल्या कार्यकर्त्यांनी अष्टशीलाची यादी करताना नावापुढे आणखी एक रकाना ठेवावा: मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे का? 'हो' असेल त्यांनी चार दिवस आधी डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवून घ्यावी. आणि त्या दिवशी विहारात साखरेचा डबा हाताशी असावा.