पेट्रोलसाठी क्रेडिट कार्ड : टक्के किती आणि रुपये किती

आजचा विषय अनेक श्रोत्यांनी सुचवलेला आहे : पेट्रोलवर सूट मिळावी म्हणून कोणतं क्रेडिट कार्ड घ्यावं? कार्डांची यादी आपण वाचणार नाही, ती कुठेही मिळते. आपण एकच कार्ड घेऊ आणि त्याचा हिशेब शेवटपर्यंत करू. तो एकदा जमला की बाकीच्या कार्डांचा तुम्हाला घरी बसून करता येईल.

उदाहरणाला बीपीसीएल एसबीआय कार्ड घेऊ. जाहिरातीत आकडा आहे ४.२५ टक्के. हा आकडा दोन तुकड्यांचा आहे. भारत पेट्रोलियमच्या पंपावर १०० रुपयांमागे १३ पॉइंट मिळतात आणि ४ पॉइंटांचा १ रुपया होतो. म्हणजे सव्वातीन टक्के. उरलेला एक टक्का म्हणजे सरचार्जची माफी.

इथे जरा थांबू या, कारण गोंधळ इथेच होतो. पंपावर क्रेडिट कार्डाने पैसे दिले की साधारण एक टक्का सरचार्ज लागतो. तो नंतर परत मिळतो. पण रोख दिले असते तर तो लागलाच नसता! आधी घेतलेले पैसे परत दिले, याला आपण सूट कसं म्हणायचं? शिवाय सरचार्जवर १८ टक्के जीएसटी असतो, तो परत येत नाही. २,००० रुपयांचं पेट्रोल भरलं, २० रुपये सरचार्ज, त्यावर ३ रुपये ६० पैसे कर. वीस परत आले, साडेतीन गेले. रक्कम लहान आहे, पण दर वेळी जाते. अनेक कार्डांत तर ठरावीक रकमेच्या आत पेट्रोल भरलं, समजा दोनशेचं, तर माफीच नाही. दुचाकीवाल्यांनी ही अट आधी बघावी.

नोटाबंदीनंतर, डिसेंबर २०१६ पासून, सरकारी तेल कंपन्यांच्या पंपांवर कार्डाने पैसे दिले की पाऊण टक्का परत मिळायचा. क्रेडिट कार्डांसाठी ती सवलत १ ऑक्टोबर २०१९ पासून बंद झाली. ती अजून चालू आहे असं समजणारे लोक आम्हाला आजही भेटतात.

आता रुपयांत बोलू. स्कूटरला महिन्याला १,५०० रुपयांचं पेट्रोल लागतं असं धरा. १९५ पॉइंट, म्हणजे ४८ रुपये ७५ पैसे. वर्षाचे ५८५ रुपये. कार्डाची वार्षिक फी ४९९, जीएसटी धरून ५८९. झालं का गणित? वर्षभर पॉइंट जमवले आणि चार रुपये खिशातून गेले. पहिल्या वर्षी स्वागताचे २,००० पॉइंट मिळतात, म्हणून हे कळत नाही. दुसऱ्या वर्षी कळतं.

तुम्ही म्हणाल, वर्षाला ५०,००० खर्च केला की फी माफ होते. खरं आहे. घरचा किराणा, विजेचं बिल याच कार्डाने भरून तो आकडा सहज गाठला जात असेल तर उत्तम. पण फेब्रुवारीत ‘अजून सात हजार कमी पडतायत’ म्हणून मिक्सर घेणारी माणसं आहेत, आणि ती अडाणी नाहीत. आणखी एक : बऱ्याच कार्डांत या खर्चाच्या हिशेबात पेट्रोल धरतच नाहीत. बँकेला आधी विचारा.

चारचाकीवाल्यांचं चित्र वेगळं. महिन्याला ६,००० म्हणजे १९५ रुपये, वर्षाला २,३४०. फी वजा केली तरी साडेसतराशे उरतात. त्यांनी जरूर घ्यावं, फक्त महिन्याची कमाल मर्यादा बघून.

आणि पंप? आम्ही उलट क्रम सुचवतो. आधी रोजच्या वाटेवरचा पंप कोणत्या कंपनीचा ते बघा, मग कार्ड निवडा. पॉइंटसाठी स्कूटरने जाऊन-येऊन चार किलोमीटर वळसा घातला, तर लिटरला शंभराच्या पुढच्या भावाने नऊएक रुपयांचं पेट्रोल त्यातच जळतं. पाचशेच्या पेट्रोलवर मिळणार सोळा!

साधी कॅशबॅक कार्डं सगळ्या खरेदीवर पैसे देतात, पण त्यातल्या अनेकांत नेमकं पेट्रोल वगळलेलं असतं. तरीही स्कूटरवाल्याला कित्येकदा तेच बरं पडतं. बाकीच्या खर्चावर कॅशबॅक घ्यायचा आणि पेट्रोलला आपलं यूपीआय किंवा रोख.

आता सगळ्यात महागडी गोष्ट. बिल २०,००० आलं आणि ‘किमान रक्कम’ तेवढी भरली, तर महिना साडेतीन टक्के दर धरला तरी साधारण ७०० रुपये व्याज, वर १२६ रुपये जीएसटी. आपल्या चारचाकीवाल्याची चार महिन्यांची पेट्रोल-कमाई एका महिन्यात साफ. आणि पूर्ण बाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. ज्यांना दर महिन्याला पूर्ण बिल भरण्याची खात्री नाही, त्यांनी हे कार्ड घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

एक प्रश्न आलाय : ‘घेतलेलं कार्ड बंद करायचं असेल तर बँक टाळाटाळ करते, काय करावं?’ बाकी शून्य करा, साचलेले पॉइंट आधी वापरून टाका आणि लेखी अर्ज द्या. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे. नाही झालं, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. अर्जाची पोच मात्र जपून ठेवा.