तपकिरी बटू तारा आणि आपल्या घरची कुंडली



ठाणे, कल्याण, डोंबिवलीत दिव्यांच्या झगमगाटामुळे आकाश फारसे दिसत नाही. तरीही हिवाळ्यात गच्चीवरून मृग नक्षत्र ओळखता येते. त्याच्या दक्षिणेला शशक तारकासमूह आहे. तेथे सुमारे १९ प्रकाशवर्षांवर ग्लीस २२९ हा लहान तांबडा तारा आहे. तो नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. त्याच्याभोवती फिरणाऱ्या सोबत्याची ही हकिकत.

ताऱ्याच्या पोटात हायड्रोजनचे अणू एकत्र येऊन ऊर्जा निर्माण होते. वस्तुमान गुरूच्या साधारण ७५ ते ८० पटींहून कमी असले तर ही क्रिया टिकत नाही. मग चुलीवरून उतरवलेल्या तव्याप्रमाणे तो गोळा निवत जातो. १९७५ साली जिल टार्टर यांनी अशा गोळ्यांना 'तपकिरी बटू' हे नाव दिले; पण खात्रीचा पुरावा मिळत नव्हता.

कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे १९५६ साली जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांना ऑक्टोबर १९९४ मध्ये अमेरिकेतील पालोमार वेधशाळेतून या ताऱ्याजवळ अंधुक ठिपका दिसला. त्यांनी लगेच डांगोरा पिटला नाही. हा मागचा दुसराच तारा नसेल कशावरून? वर्षभराने पुन्हा पाहिले, तेव्हा ठिपका ताऱ्याबरोबरच सरकला होता. शिवाय त्याच्या प्रकाशात मिथेनच्या खुणा होत्या. खऱ्या ताऱ्याच्या उष्णतेत मिथेन टिकत नाही. त्यानंतरच १९९५ मध्ये शोध जाहीर झाला.

पुढे त्याचे वस्तुमान गुरूच्या सुमारे ७० पट भरले. त्या मानाने प्रकाश फारच कमी. २०२४ साली उलगडा झाला, की ते एक नसून दोन बटू आहेत: गुरूच्या सुमारे ३८ आणि ३४ पट, १२ दिवसांत एकमेकांभोवती फिरणारे. जुने मत बदलले, म्हणून विज्ञानाची अब्रू गेली नाही.

आम्ही हे येथे का लिहितो? परंपरेने चालत आले किंवा ग्रंथात आहे म्हणून मानू नका, पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला आपल्याला तोच मार्ग दिला. तरीही आपल्यातील काही घरांत मुलीच्या लग्नाआधी गुपचूप मंगळ पाहिला जातो आणि चांगले स्थळ हातचे जाते. एका ठिपक्यासाठी शास्त्रज्ञ वर्षभर थांबले; मुलीच्या आयुष्याचा निकाल मात्र आपण पुराव्याविना पाच मिनिटांत लावतो.

येत्या हिवाळ्यात मुलांना गच्चीवर नेऊन मृग दाखवा. कुंडली मात्र घरात आणू नका.

नमो बुद्धाय! जयभीम!