चिंतेला वेळ, चित्ताला नेम

मस्कत आणि पोर्ट लुई ह्या दोन बंदरांमध्ये हजारो किलोमीटरांचा समुद्र पसरलेला असला, तरी दोन्हीकडील घड्याळे एकच वेळ दाखवितात. मॉरिशसमधील घरात सायंकाळी सात वाजता देवापुढे दिवा लागतो, तेव्हा ओमानमध्येही सातच वाजलेले असतात. त्या सुमारास मस्कतच्या रुवी भागालगत असलेल्या हमरिया वस्तीत गवंडी, सुतार, वाहनचालक, दुकानांतील नोकर असे नाना देशींचे कष्टकरी आपापल्या खोल्यांकडे परतत असतात. एका खोलीत अनेकांनी राहावयाचे, भाडे वाटून घ्यावयाचे आणि महिनाअखेर उरलेले रियाल गावी धाडावयाचे, हा तेथील पुष्कळांचा जीवनक्रम होय. आजची नोकरी म्हणजे गिरमिट नव्हे. तथापि घर दूर, करार दुसऱ्याच्या हाती आणि मागे राहिलेल्यांची काळजी, ह्या तिहींतून उपजणारी चिंता मात्र जुन्याच जातीची आहे. ज्यांचे पूर्वज बोटीने परमुलखात गेले, त्यांना ती ओळखीची वाटेल.

ह्या चिंतेची कसोटी २०२० साली लागली. कोरोनाच्या साथीमुळे भारताने मार्चच्या उत्तरार्धात आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने थांबविली. १ एप्रिलपासून मत्राह विलायतीच्या सीमा बंद झाल्या. हमरिया ह्याच विलायतीत मोडतो. १० एप्रिलला संपूर्ण मस्कत प्रांतावर तसेच बंधन आले. मेअखेर ते उठले, जूनच्या आरंभी मत्राहही मोकळे झाले. हमरियाला मात्र त्यानंतरही वाट पाहावी लागली. ९ मे रोजी मस्कतहून पहिले विशेष विमान कोचीला गेले. परंतु जाऊ इच्छिणारे पुष्कळ आणि जागा थोड्या. काम राहील काय, शेजारच्या खाटेवरील सोबत्याचा खोकला साधा असेल काय, गावी आईवडिलांना काही झाले तर पोहोचता येईल काय, असे प्रश्न बंद खोलीत दिवसरात्र फेर धरीत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यापूर्वीच दुसरा उभा राही, आणि हातातील दूरध्वनी क्षणाक्षणाला तिसरा आणून देई.

येथे दोन काळांतील एक विलक्षण भेद ध्यानात येतो. १८३४ पासून मॉरिशसला सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातील व घाटावरील मराठी लोकही होते. त्यांना घरची वार्ता महिनोन्‌महिने मिळत नसे. कित्येकांना ती कधीच मिळाली नाही. आजचा परदेशस्थ वार्तेच्या अभावाने नव्हे, तर तिच्या महापुराने गांजतो. त्या काळी मन रिकाम्या अंधारात चाचपडे, आज ते प्रखर उजेडात दिपून जाते. वाट दोहोंनाही दिसत नाही.

मग त्या पूर्वजांनी चित्त कसे सांभाळले? त्यांचे दुःख गोंडस करून सांगणे हा त्यांचा अपमान ठरेल. उसाच्या मळ्यावर एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. तथापि दिवस मळेवाल्याचा असला, तरी सायंकाळचा काही वेळ त्यांनी स्वतःचा राखला. बैठकीत चार माणसे जमत, मुले अक्षरे गिरवीत, भजन होई. मराठी वस्त्यांतून झाकरीचा फेर धरला जाई, आणि भाद्रपदात गणपती बसे. ठरल्या वेळी ठरलेले काम करावयाचे, हा तो नेम. उद्या काय होईल हे ज्याला ठाऊक नाही, त्याला आज सायंकाळी काय करावयाचे हे ठाऊक असणे, हाच केवढा आधार!

पण केवळ नेमाने दुप्पट कपात थांबली नसती, हेही त्यांनी जाणले होते. १८७१ साली आदोल्फ द प्लेव्हिट्झ ह्या सहृदय गृहस्थाच्या साह्याने ९,४०१ मजुरांनी आपल्या गाऱ्हाण्यांचा अर्ज सरकारकडे दिला, आणि पुढील वर्षी चौकशीसाठी शाही आयोग बेटावर आला. मनात घोळणारी काळजी कागदावर उतरली, एकट्याची होती ती नऊ हजारांची झाली, आणि तिचे कार्यात रूपांतर झाले. चिंता दोन प्रकारची असते. एकीवर काही करता येते. ती लिहून काढावी, जाणत्याला दाखवावी आणि तिच्यामागे लागावे. दुसरीवर काहीच करता येत नाही. तिच्यासाठी मनाला ठाव हवा. पहिलीला दैवावर सोडणे हा आळस, आणि दुसरीशी रात्रभर झुंजणे हा व्यर्थ शक्तिपात होय.

आधुनिक मानसशास्त्रही निराळ्या वाटेने येथेच पोहोचते. अमेरिकेतील टॉमस बॉर्कोव्हेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. चिंतेची सवय जडलेल्यांना त्यांनी रोज अर्धा तास, एकाच वेळी व एकाच जागी, चिंतेसाठीच राखावयास सांगितला. एरवी काळजी मनात आली की तिला त्या वेळेपर्यंत थांबवावयाचे आणि हातातील कामाकडे वळावयाचे. काही आठवड्यांत त्यांच्या चिंतेचा काळ कमी झाला. “काळजी करू नको” ह्या उपदेशाने काळजी जात नाही. “आता नको, सहा वाजता ये” म्हटल्याने ती पुष्कळदा थांबते, आणि सहा वाजता येते तेव्हा तिचे निम्मे बळ सरलेले असते. मात्र निजण्याची वेळ तिला देऊ नये.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाला वाऱ्याप्रमाणे अनावर म्हणतो, आणि श्रीकृष्ण ते नाकारीत नाहीत. अभ्यास व वैराग्य हे दोनच उपाय सांगतात. समर्थ रामदासांनी मनालाच उद्देशून २०५ श्लोक रचले, ते काय एका श्लोकाने मन वळत नाही म्हणूनच! चित्त भरकटणे हा पराभव नव्हे. त्याला पुन्हा हातातील कामावर आणणे, हाच अभ्यास. सकाळी एकदा व सायंकाळी एकदा बातम्या ऐकाव्यात, एरवी यंत्र दूर ठेवावे; मोठे काम लहान वाट्यांत वाटावे; अंग हलवावे; आणि दिवसातून एकदा तरी कोणाशी मोकळेपणाने बोलावे. एवढे करूनही आठवडेच्या आठवडे झोप व अन्न गोड लागेनासे झाले, तर वैद्याकडे जावे. त्यात लाज कसली? ताप आला असता कोणी लाजत नाही.

हमरियाच्या सीमा अखेर उघडल्या. कित्येक घरी परतले, कित्येक पुन्हा कामावर रुजू झाले. कसोटीचे दिवस पुन्हा येणारच नाहीत, असे आश्वासन कोणी देऊ शकत नाही. परंतु सायंकाळी सात वाजता दिवा लावणे आपल्या हाती असते, मग ते घर मॉरिशसमधील असो वा खोली हमरियातील. आपल्या हाती जेवढे आहे तेवढे नेमाने करणाऱ्याच्या मनात चिंता पाहुणी म्हणून येते. घरधनीण होऊन बसत नाही.