फर्निचरची परीक्षा पावसाळ्यानंतर

वास्तुकला आणि डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी फर्निचरच्या स्पर्धा घेण्याची प्रथा जगभर रूढ आहे. त्यांपैकी काही स्पर्धांत तयार वस्तू विकून येणारे पैसे एखाद्या स्थानिक संस्थेला दिले जातात, तर काहींत ती वस्तूच वाचनालय, बालवाडी किंवा वृद्धाश्रम यांच्या स्वाधीन केली जाते. पहिल्या पद्धतीत संस्थेला देणगी मिळते. दुसरीत ती गिऱ्हाईक बनते आणि गिऱ्हाइकाला तक्रार करण्याचा हक्क असतो. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांचा विचार करता ही दुसरी पद्धतच अधिक उपयोगाची ठरते.

जुन्या गावगाड्यात सुतार हा बलुतेदार होता, म्हणजे वर्षभराच्या कामाबद्दल त्याला पिकातला ठरलेला वाटा मिळत असे. त्यामुळे नांगर नीट चालला नाही तर शेतकरी त्याच्याच दारात उभा राही आणि दुरुस्ती हा मूळ कामाचाच भाग असे. वर्गातल्या आराखड्याला असा धनी नसतो. ती उणीव स्पर्धेचे गरजपत्रक भरून काढते. वस्तू कोण वापरणार, ती कोठे ठेवणार, कोण उचलणार आणि मोडल्यास कोण दुरुस्त करणार, याची संस्थेने स्वतः केलेली नोंद म्हणजे गरजपत्रक होय.

विद्यार्थ्यांच्या श्रमाला सार्वजनिक उपयोगाशी जोडण्याचा विचार या भागाला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्यात ‘कमवा व शिका’ ही योजना रुजवली. तीत विद्यार्थी अंगमेहनतीची कामे करून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवत. त्यापूर्वी भाऊराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव हिंडले होते, आणि ते नांगर जेथे तयार होत ती 1910 मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. कारखाना, शाळा आणि शेतकरी यांच्यात एवढी जवळीक असलेल्या प्रदेशात फर्निचरचा विचारही उपयोगापासूनच सुरू व्हायला हवा.

या दोन जिल्ह्यांतील उपयोगाचा प्रश्न बव्हंशी पाण्याशी निगडित आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 57 फुटांवर गेले आणि नगर वाचनालयातील हजारो ग्रंथ भिजून नष्ट झाले. पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा रसायनाने चिकटवून दाबलेला तक्ता, पाण्याने फुगतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. पण पुरात केवळ टिकाऊ कपाटानेही भागत नाही, कारण कपाट टिकले तरी आतली पुस्तके वाचत नाहीत. मीटरभर खणातील पुस्तकांचे वजन साधारण 25 किलो भरते, हे लक्षात घेतले तर सुट्या पेट्या एकावर एक रचून केलेली मांडणी अधिक शहाणपणाची ठरते. प्रत्येक पेटीला दोन्ही बाजूंना कड्या असल्या की पुराचा इशारा मिळताच दोघांना ती पुस्तकांसकट वरच्या मजल्यावर नेता येते.

कृष्णेच्या उगमाकडे, पाचगणीजवळच्या भिलारमध्ये, प्रश्नाचे रूप पालटते. 4 मे 2017 रोजी ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून सुरू झालेल्या या गावात पुस्तके लोकांच्या राहत्या घरांत मांडलेली आहेत. तेथे पूर येत नाही, मात्र जोरदार पावसामुळे हवेत महिनोन्‌महिने ओल असते. म्हणून मांडणी भिंतीपासून थोडी सुटी ठेवून मागून वारा खेळता राहील असे पाहावे लागते, आणि घरात कार्य निघाले तर वाचकांची आसने घडी करून बाजूला सारता आली पाहिजेत.

एकाच नदीच्या खोऱ्यातल्या दोन वाचनालयांना एकच कपाट चालत नाही, हे शिकवणे हे अशा स्पर्धेचे मुख्य काम आहे. त्यासाठी परीक्षकांत डिझाइनच्या प्राध्यापकांबरोबर ग्रंथपाल, बालवाडीच्या ताई आणि गावातला सुतार यांना स्थान असावे, आणि बक्षिसाचा काही भाग वस्तूने एक पावसाळा काढल्यावरच द्यावा, म्हणजे आश्विनात संस्थेची तक्रार ऐकायला विद्यार्थ्याला पुन्हा त्या दारात जावे लागेल.