वनप्रदेशातून परतणारे प्रवासी व त्वचेचे परजीवी विकार : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात

प्रस्तावना :
चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प, हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्प आणि विस्तीर्ण वने यांमुळे या दोन जिल्ह्यांत महाविद्यालयांच्या अभ्याससहली व राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे जातात. तेथे जडलेल्या त्वचाविकारांची लक्षणे अनेकदा घरी परतल्यावर दिसतात. त्यामुळे त्यांचा प्रवासाशी असलेला संबंध दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात अशा तीन विकारांचा परिचय करून दिला आहे.

१) खरूज :
डोळ्यांना सहज न दिसणारा माइट त्वचेत बीळ करून अंडी घालतो. पहिल्याच संसर्गात खाज सुटण्यास चार ते सहा आठवडे लागू शकतात. तोवर घरातील इतरांना लागण झालेली असते. म्हणून सर्व कुटुंबीयांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात. खरूज ही जंगलाची देणगी नव्हे. दाटीने एकत्र झोपणे व दीर्घ त्वचास्पर्श हे तिचे कारण होय. शिबिरातील निवासव्यवस्थाही तिला कारणीभूत ठरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला.

२) सरपटणारी अळी :
कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतील अंकुशकृमींच्या अळ्या ओलसर मातीतून अनवाणी पायांत शिरतात. मानवी शरीरात त्यांची वाढ पूर्ण होत नाही. त्या त्वचेतच भटकतात. परिणामी तांबडी, नागमोडी, रोज पुढे सरकणारी व तीव्र खाजणारी रेषा उमटते. ती नायटा समजून मलमे लावली जातात. योग्य कृमिनाशक औषधाने विकार लवकर बरा होतो.

३) स्क्रब टायफस :
गवत-झुडपांतील माइटच्या अळ्या माणसाला चावतात आणि त्यांच्याद्वारे 'ओरिएन्शिया' जिवाणू शरीरात शिरतो. काटेकोर अर्थाने हा परजीवी विकार नसला, तरी त्याची खूण त्वचेवरच असते. चाव्यानंतर साधारणतः एक ते तीन आठवड्यांत ताप येतो. काख, जांघ वा कमरेजवळ सिगारेटच्या चटक्यासारखी काळी, न दुखणारी खपली आढळू शकते; परंतु ती नसली म्हणून रोग नाही असे मानता येत नाही. पेनिसिलीन गटातील औषधे येथे निरुपयोगी ठरतात, तर डॉक्सीसायक्लिन वेळेवर दिल्यास गुण येतो. विलंब झाल्यास फुप्फुसे, मूत्रपिंडे व मेंदूवर परिणाम होऊन मृत्यू ओढवू शकतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर परिसरात या रोगाचे अनेक रुग्ण आढळले होते.

प्रतिबंध :
पूर्ण बाह्यांचे कपडे, मोजे व बूट वापरावेत. गवतावर थेट बसू वा झोपू नये. परतल्यावर स्नान करून कपडे गरम पाण्यात धुवावेत. अंगाला चिकटलेली गोचीड जाळू नये किंवा तिच्यावर रॉकेल टाकू नये. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी.

समारोप :
या तिन्ही विकारांवर उपचार उपलब्ध आहेत. उणीव असते ती माहितीची. सहलप्रमुख प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना निघण्यापूर्वी सूचना द्याव्यात. परतल्यावर सहा आठवड्यांत ताप वा खाज उद्भवल्यास 'वनप्रदेशात गेलो होतो' हे डॉक्टरांना आवर्जून सांगण्यास बजावावे. हे एक वाक्य रोगनिदानाची दिशा बदलू शकते व प्रसंगी प्राणही वाचवू शकते.