मनगटावरचा हिरवा प्रकाश

धावपटूंच्या घड्याळाच्या पाठीवर, त्वचेला टेकणाऱ्या काचेखाली, दोन-चार हिरवे दिवे आणि त्यांच्या शेजारी प्रकाश टिपणारा संवेदक एवढीच सामग्री असते. रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे प्रत्येक ठोक्यासरशी त्वचेतील सूक्ष्म वाहिन्यांत रक्त भरले की परतणारा प्रकाश किंचित घटतो, आणि या चढउतारांवरून घड्याळ ठोक्यांचा वेग काढते. रक्ताच्या आकारमानातील असा बदल मोजण्याच्या पद्धतीला प्लेथिस्मोग्राफी म्हणतात; नवी मुंबईतील वाशीहून खाडीपलीकडे, ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात, हाच बदल प्रकाशाऐवजी शरीराच्या विद्युत्‌रोधातील फरकावरून मोजणारी उपकरणे विकसित झाली आहेत.

वैद्य नाडी पाहतात ती तळहाताच्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाखाली, जिथे रोहिणी हाडावर टेकलेली असून तिची उसळी बोटांना स्पष्ट जाणवते. घड्याळ मात्र मनगटाच्या पाठीवर बसते, जिथे हाड, स्नायूबंध आणि विरळ केशवाहिन्या यांखेरीज फारसे काही नसते. संवेदकाची निम्मी अडचण या जागेतच आहे.

उरलेली अडचण हालचालीची. नवी मुंबईच्या पाम बीच मार्गावर पहाटे धावणाऱ्याची पावले मिनिटाला साधारण १६० ते १८० पडतात, प्रत्येक पावलाला हात झुलतो, सैल पट्ट्यातले घड्याळ हलते, आतले रक्तही हिंदकळते, आणि या हिंदकळण्याचा संकेत नाडीच्या संकेताहून कित्येक पटींनी मोठा असू शकतो. गती मोजणाऱ्या दुसऱ्या संवेदकाच्या साह्याने तो वजा करण्याचा प्रयत्न होतो. पण ठोके आणि पावले यांचे आकडे जवळ आले की गणित फसते व घड्याळ पावलांनाच ठोके समजून बसते. १७० हा आकडा पाहून घाबरलेल्या नवख्या धावपटूचे हृदय त्या वेळी १४० ने चालत असणे सहज शक्य असते, म्हणून हा दोष त्याला घड्याळ विकतानाच सांगितला जायला हवा.

क्लीव्हलँड क्लिनिकमधील संशोधकांनी ५० निरोगी व्यक्तींवर चार मनगटी यंत्रे तपासली आणि त्यांचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. हृदयाच्या विद्युत्‌आलेखाशी असलेला मेळ, १ म्हणजे पूर्ण मेळ या मापाने, छातीच्या पट्ट्याचा ०.९९ तर मनगटी यंत्रांचा ०.८३ ते ०.९१ भरला. छातीचा पट्टा हृदयाची विद्युत्‌लहर थेट पकडतो. त्याचे विद्युदग्र कोरडे असले की तो चुकतो आणि ओलाव्याने सुधारतो, त्यामुळे नवी मुंबईच्या दमट हवेत येणारा घाम त्याला मानवतो. तोच घाम मनगटावरचे घड्याळ मात्र घसरवतो.

सावळ्या त्वचेतील मेलॅनिनही हिरवा प्रकाश शोषते, मग तिथे घड्याळ अधिक चुकते का, ही शंका भारतीय वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. ड्यूक विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात ५३ व्यक्तींमध्ये वर्णानुसार अचूकतेत लक्षणीय फरक आढळला नाही. विश्रांतीपेक्षा हालचालीतली चूक मात्र सरासरी ३० टक्क्यांनी अधिक निघाली. स्थिर वेगाच्या लांब धावेत आणि झोपेत घड्याळाच्या आकड्यावर बऱ्यापैकी विसंबता येते, पण छातीत दुखत असताना घड्याळात आकडा नेहमीसारखा दिसला म्हणून डॉक्टरांकडे जाणे लांबवणे धोक्याचे आहे, कारण हृदयाच्या स्नायूला रक्त पुरते की नाही हे त्या प्रकाशाला कळतच नाही.

वेग झपाट्याने बदलला की आणखी एक उणीव दिसते, ती विलंबाची. आकडा डळमळू नये म्हणून घड्याळ मागच्या काही सेकंदांची सरासरी काढत असते, त्यामुळे पारसिक टेकडीचा छोटा चढ जोरात चढून जाणाऱ्याला त्या चढाचा सर्वांत मोठा आकडा कित्येकदा उताराला लागल्यावर दिसतो.