खोगिराखालची पाठ

निरुपयोगी मजकुराला आपण सहज 'खोगीरभरती' म्हणून मोकळे होतो. घोड्याच्या लेखी मात्र ही भरती निरुपयोगी नसते. ती चुकली, की पाठ जाते. पशुवैद्य म्हणून माथेरानची घोडी तपासताना हे मला वारंवार जाणवले आहे.

दस्तुरी नाक्याला मोटार सोडली, की अनेकांना घोडा आठवतो. रंग पाहिला जातो, चाल पाहिली जाते. खोगीर उचलून पाठ पाहणारा विरळाच. तांबड्या घोड्याच्या पाठीवर, खोगिराच्या जागी, रुपयाएवढे पांढरे ठिपके दिसले तर ती जन्मखूण समजू नये. बहुधा तिथे सततच्या दाबाने केसांना रंग देणाऱ्या पेशी मेलेल्या असतात.

घोड्याला छातीचे मणके 18. खोगीर फऱ्याच्या मागे सुरू व्हावे आणि अठराव्या मणक्याच्या मागे जाऊ नये. पुढे कमरेला बरगड्यांचा आधार नसतो. भार कण्यावर नव्हे, त्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर पडायला हवा. म्हणून मधली पन्हळ तीन-चार बोटे रुंद हवी आणि स्वार बसल्यावरही मानेच्या बुडाच्या उंचवट्यावर दोन-तीन बोटे शिरावीत. फेरीनंतर घामेजल्या पाठीवर कोरडा चट्टा राहिला, तर तिथे दाब जास्त पडल्याची शंका घ्यावी.

एका घोडेवाल्याला मी म्हटले, "मामा, याची पाठ लागली आहे. जखम भरेपर्यंत खोगीर नको."

"डॉक्टरसाहेब, मे महिन्यात घोडा उभा ठेवला तर पावसाळ्यात त्याला काय घालू? आणखी एक घोंगडी टाकतो ना खाली."

त्याचा प्रश्न खरा होता, उपाय मात्र चुकीचा. घट्ट बुटात आणखी एक मोजा चढवल्याने बूट सैल होत नाही. शिवाय पाठ वर्षभर सारखी राहत नाही. घोडा खंगला, की पाठीचे मांस उतरते आणि गेल्या वर्षी बसलेले खोगीर यंदा हाडाला टेकते. तेच खोगीर तीन घोड्यांवर फिरत असेल, तर बोलायलाच नको.

वजनाचेही तसेच. 1965 च्या केंद्रीय नियमांत तट्टाच्या पाठीवरच्या ओझ्याची मर्यादा 70 किलो आहे. स्वारासाठी सर्वसाधारण संकेत घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांचा. म्हणजे 300 किलोच्या घोड्यावर खोगिरासकट 60 किलो. ऐंशी किलोच्या गृहस्थांनी झाडांच्या सावलीतून पायी जावे, हे उत्तम.

घोडेवाल्याला नुसता दोष देऊन पाठ बरी होणार नाही. बसण्याआधी "जरा खोगीर उचला" एवढे आपण म्हणू शकतो. जखमी पाठीला गिऱ्हाईक मिळेनासे झाले, की हंगामाआधी भरती बदलण्याचा खर्च त्यालाच स्वस्त वाटू लागेल.